फुटलेल्या तलावाची भिंत बांधताना

पोकलेन घेतलेला माणूस आमच्याकडे आधी शेताची लेव्हल करतो, मग विहिरी, मग शेततळी, आणि नशीब बरं असेल तर कुणाच्या तरी ओळखीने रस्त्याच्या कटिंगला लागतो. मीही त्याच वाटेने आलो. तलावाच्या कामाला मात्र कायम लांबून नमस्कार. बिलं उशिरा निघतात आणि साहेबलोक मातीतसुद्धा खोट काढतात, ही त्या कामांची ख्याती. पण त्या वर्षी मार्चमध्ये दोन पोकलेन आणि चार हायवा दारात उभ्या होत्या आणि हप्ते काही थांबत नव्हते. बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या कडेला एक साठवण तलाव फुटला होता. त्याच्या दुरुस्तीचं टेंडर ज्याला लागलं तो मोठा ठेकेदार मातीकाम पेटीवर, म्हणजे पोटठेक्याने, द्यायला निघाला होता. दर घनमीटरवर ठरला. खोदाई, वाहतूक, पसरणं, दाबणं सगळं त्यात आलं. पाणी मारणंही त्यातच, असं कागदाच्या शेवटच्या ओळीत होतं. मी सही केली, तेव्हा हिशेब डिझेलचा चालला होता.

तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. त्या काळात रोजगाराच्या कामांवर असे किती तलाव उभे राहिले याची गणती गावागावांत मिळेल. हाताने, पाट्या टाकून. साइटवर पहिल्या दिवशी एक आजी शेरडं घेऊन आल्या आणि खिंडाराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या भिंतीवर म्या पाट्या टाकल्यात. सुकडी खाऊन." मग थोडं थांबून, "आमची टिकली की पन्नास वर्षं. तुमची मशिनीची बघू." यावर काय बोलणार? पण फुटलेल्या कडेला उभं राहिलं की त्यांच्या हाताचं काम स्पष्ट दिसत होतं. कापलेल्या भिंतीत थर वेगवेगळे कळायचे, काही ठिकाणी ढेकळं तशीच्या तशी, काही ठिकाणी इतकं घट्ट की टिकावाची धार वळेल.

फुटला कसा, याची कहाणी गावात चार प्रकारे ऐकली. लेव्हलिंगचं यंत्र लावल्यावर जे दिसलं ते असं: भिंतीवरून जिथे बैलगाड्यांची वाट जात होती तिथे माथा दीडेक फूट खचलेला. सांडव्यावर कुणीतरी जास्त पाणी साठावं म्हणून वाळूची पोती रचलेली, ती तशीच राहून गाळात घट्ट झालेली. आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना मनगटाएवढ्या बुडख्यांच्या बाभळी. पाणी सांडव्यावरून जायच्या आधी गाडीवाटेवरून गेलं. मातीच्या भिंतीवरून पाणी एकदा पलीकडे पडायला लागलं की ती तासाभरात कापली जाते. दगडी बांध असा जात नाही, मातीचा जातो. नाल्याच्या अंगाला वस्ती नव्हती म्हणून फक्त शेतं खरवडली गेली.

शाखा अभियंता वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. पहिल्याच भेटीत त्याने तिवरे धरणाचा विषय काढला. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं ते धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. धरण खेकड्यांनी पोखरलं असं मंत्री म्हणाले, त्यावरून राज्यभर विनोद झाले, पण हा माणूस हसत नव्हता. "शेठ, तिवरेनंतर आम्ही सही करताना पेन दोनदा उचलतो," एवढंच म्हणाला. त्याच्याशी पुढे दोन महिने भांडलो, पण त्याचं हे वाक्य मला तेव्हाच पटलं होतं.

कामाची सुरुवात मशीनने होत नाही, मोजमापाने होते. कुठेतरी पक्क्या खडकावर टीबीएम, म्हणजे सगळ्या उंच्या जिथून मोजायच्या ती खूण, ठरवायचा, लाईनआउट टाकायचा, दर दहा मीटरवर जमिनीच्या लेव्हली घेऊन आडवे छेद काढायचे, आणि त्यावर खात्याची आणि आपली दोघांची सही. पेटीवाल्याने या सहीशिवाय बकेट जमिनीला लावू नये. नंतर बिलातला प्रत्येक घनमीटर याच कागदावरून वजा होतो. जमीन एकदा उकरली की आधी ती किती उंच होती हे देवालाही सिद्ध करता येत नाही.

मग गावाला सगळ्यात जास्त राग आला ती गोष्ट. खिंडार माथ्यावर तीस मीटर रुंद होतं, तळाला निम्मं. लोकांना वाटलं, आता माती टाकून बुजवणार. आम्ही उलट दोन्ही बाजूंच्या चांगल्या भिंती कापायला घेतल्या. जुन्या आणि नव्या मातीचा सांधा उभा ठेवायचा नसतो. नवा भराव काही वर्षं बसत राहतो, जुना बसून झालेला असतो. सांधा उभा असेल तर त्या रेषेत भेग पडते आणि पाण्याला नेमकी तीच हवी असते. म्हणून कड एकास तीनच्या उतारात छाटायची, म्हणजे एक मीटर उंचीला तीन मीटर मागे सरकायचं. भिंत नाल्यात अकरा मीटर उंच. तळाच्या कडेपासून दोन्हीकडे तेहतीस तेहतीस मीटर मागे गेल्यावर माथ्यावर ऐंशी मीटरचं भगदाड दिसायला लागलं. सरपंचांचा फोन, पाठोपाठ कुणीतरी काढलेला व्हिडिओ, 'ठेकेदाराने उरलेला तलावही फोडला'. अभियंत्याने ग्रामपंचायतीत जाऊन कागदावर आकृती काढून दाखवली तेव्हा थंड झालं.

कापताना निघालेली माती परत वापरता येईल असं मी धरून चाललो होतो. त्यातली बरीच बाभळीच्या मुळांनी भरलेली निघाली. भिंतीत मूळ कुजलं की त्याच्या जागी आयती नळी तयार होते, त्यामुळे ती माती हार्टिंगला, म्हणजे भिंतीच्या आतल्या काळ्या मातीच्या गाभ्याला, चालत नाही. बाहेर टाकायचा खर्च माझा.

खिंडाराच्या तळाशी पाण्याने उकरलेला डोह होता. मार्च असला तरी त्यात कमरेएवढं पाणी आणि खाली दलदल. दोन इंजिनं लावून पाणी उपसलं, पण चिखल उपसणं हा निराळाच प्रकार. पोकलेनचा ट्रॅक अर्धा आत गेला की ऑपरेटर बूम पुढे टेकवून मशीन स्वतःच वर ओढून घेतो. आमचा झारखंडचा पोरगा त्यात तरबेज होता, पण त्या डोहात त्यानेही एकदा हात जोडले. शेवटी दगडगोट्यांची भर टाकून मशीनला उभं राहायला जागा केली, चिखल काढत मागे सरकत आलो आणि जाताना ते दगडही काढून घेतले. भिंतीच्या पायाखाली एक दगड राहिला तर चालत नाही.

त्याच्याखाली सीओटी, म्हणजे भिंतीच्या पोटाखालून खडकापर्यंत नेलेला चर. तलावाचं पाणी भिंतीतून जितकं पळतं त्याहून जास्त भिंतीच्या खालून पळतं, ते अडवायला हा चर खोदून काळ्या मातीने भरायचा असतो. पाझर तलावाची गोष्ट वेगळी, तिथे पाणी जमिनीत मुरायलाच हवं म्हणून चर इतका खोल नेत नाहीत. इथे साठा हवा होता. वर मुरूम लागला, खाली मांजऱ्या, म्हणजे अर्धवट झिजलेला ठिसूळ खडक, मध्ये वीतभर गेरूचा लाल पट्टा, आणि पाच मीटरच्या आसपास काळा पाषाण. मुरमाचा दर वेगळा, मऊ खडकाचा वेगळा, ब्रेकर लावावा लागला तर आणखी वेगळा. त्यामुळे मांजऱ्याला मऊ खडक म्हणायचं की कडक मुरूम, यावर चरात उतरून आमचा दुपारभर वाद झाला. पोकलेनच्या दाताने निघाला तर मुरूम, असं अभियंत्याचं म्हणणं. दात मोडून निघाला तर काय, असं माझं. मोडलेले दात पुढे ठेवले. अर्ध्यावर तडजोड झाली.

चराचा तळ चार मीटर रुंद ठेवायचा, नाहीतर रोलर आत फिरत नाही. खडक उघडा पडल्यावर जे सुरू झालं त्याची मला कल्पनाच नव्हती. आधी फावडी, मग खराटे, मग कॉम्प्रेसरच्या हवेने फटीफटीतली माती उडवायची. बायकांची एक टोळी दोन दिवस खडक झाडत होती. त्यातली एकजण म्हणाली, "घरात बी इतकं झाडत न्हाई." खडकाच्या फटी सिमेंटच्या पातळ रबडीने भरल्या. एका कोपऱ्यात झरा निघाला, बारीक, पण अखंड. त्याला बुजवायला जाल तर तो शेजारून निघतो. मुकादमाने सुचवलं तसं झऱ्याभोवती खडी रचून त्यात एक उभा पाइप बसवला. पाइपात छोटा पंप सोडून पाणी उपसत राहिलो आणि भोवतीने मातीचे थर चढवत गेलो. भराव पाण्याच्या पातळीच्या बराच वर गेल्यावर पाइपातून सिमेंटची रबडी दाबून तो कायमचा बंद केला. आता ते कुणाला दिसणार नाही. मेजरमेंट बुकात त्याला एक ओळ मिळाली.

माती कुठून आणायची हा पुढचा तमाशा. हार्टिंगची काळी माती तलावाच्या पोटातूनच घ्यायची, पण भिंतीच्या पायथ्याजवळून नाही, लांबून. जवळची उकरली तर तलावाचा नैसर्गिक तळच फाटतो आणि पाणी तिथून शिरतं. लांबची माती म्हणजे वरचा गाळ, आणि गाळावर शेतकऱ्यांचे डोळे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना 2017 पासून गावांना तोंडपाठ आहे. गाळ ट्रॉलीने शेतात नेण्याचा हक्क ते का सोडतील? "तुमी मुरूम घ्या की भिंतीला, माती आमाला ऱ्हाऊ द्या," असं एका मामांनी अगदी प्रेमाने समजावलं. शेवटी असं ठरलं की वरचा पोताचा गाळ त्यांनी न्यावा आणि खालची घट्ट काळी माती आम्ही. खरं तर हे आमच्याच फायद्याचं झालं. वरच्या गाळात पाला आणि कुजकट फार असतं, तो आम्हाला काढून टाकावाच लागला असता. त्यांच्या ट्रॅक्टरांनी तो फुकट नेला. तहसीलची परवानगी, महाखनिज या सरकारी पोर्टलवरचे वाहतूक पास, गाड्यांना जीपीएस हे सगळं रीतसर झालं. त्यावर लिहायला बसलो तर हा लेख तिथेच संपेल.

आता पाण्याबद्दल.

मातीची पोती प्रयोगशाळेत जाऊन आली. काळ्या मातीचा अहवाल असा: सगळ्यात दाट बसते तेव्हा कोरडी घनता घन सेंटिमीटरला 1.50 ग्रॅम, आणि ती बसते 25 टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना. भिंतीत या घनतेच्या किमान 98 टक्के घनता हवी आणि ओलावा या आकड्याच्या दोन टक्के आतबाहेर. एप्रिलमध्ये तलावाच्या पोटातली माती असते बारा-तेरा टक्क्यांवर. म्हणजे घनमीटरला दीड टन कोरडी माती धरली तर तिच्यात 12 टक्के, म्हणजे 180 लिटर पाणी घालायचं. दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम पंचावन्न घनमीटरला पुरतो. दिवसाला चारशे घनमीटर भरायचे तर सात-आठ टँकर. बीडच्या उन्हात जे उडून जातं ते धरून दहाच्या वर. आणि तलाव फुटलेल्या गावात उन्हाळ्यात पाणी कुठून येणार? सहा किलोमीटरवर एका बागायतदाराच्या विहिरीवरून, टँकरमागे रोख. करारातल्या त्या शेवटच्या ओळीची किंमत मला पहिल्या आठवड्यात समजली.

भिंतीवर नुसतं वरून पाणी मारून भागत नाही हेही लवकरच कळलं. वरचा थर चिखल होतो आणि ढेकळाच्या पोटात कोरडं राहतं. फोडून पाहिलं की आत फिकट राखाडी पूड. यावर उपाय खाणीतच, म्हणजे माती उकरायची तिथेच, करायचा. संध्याकाळी तलावाच्या पोटात नांगरट करून वाफे पाडायचे, त्यात पाणी सोडून रात्रभर मुरू द्यायचं, आणि सकाळी पोकलेनने खालीवर करून भरायचं. गहू भिजवल्यासारखी रात्रभर भिजली की माती सकाळी एकसारखी गडद दिसते. अशी माती भिंतीवर आल्यावर फक्त वरून शिंतोडे पुरतात. टँकरही वाचले, कारण रात्री बाष्प कमी उडतं. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नाही, आमच्या टँकरवाल्या दादांनी सांगितलं. ते जायकवाडीच्या कालव्याच्या कामावर राहिलेले.

थर पसरायचा वीस-बावीस सेंटिमीटरचा, दाबून पंधराचा झाला पाहिजे. रोलर पॅडफूट, म्हणजे ड्रमवर खुरांसारखे ठोकळे असलेला. सुरुवातीला ठोकळे पूर्ण रुततात. फेऱ्या होत जातात तसतसा थर खालून घट्ट होत येतो आणि ठोकळे वरवर चालायला लागतात. आठ-दहा फेऱ्यांत ते जेमतेम दोन बोटं रुततात. रस्त्याच्या कामाची सवय असलेल्या माझ्या रोलरवाल्याला शेवटी गुळगुळीत ड्रम फिरवायची खाज असायची, पृष्ठभाग चकाकला की त्याला काम झाल्यासारखं वाटायचं. भिंतीत नेमकं तेच नको. गुळगुळीत थरावर दुसरा थर चिकटत नाही, दोन वह्या एकावर एक ठेवाव्यात तसे राहतात आणि मधून पाणी निघतं. ठोकळ्यांनी पडलेले खळगे तसेच ठेवून, किंचित पाणी शिंपडून, त्यावर पुढची माती टाकायची. जुन्या भिंतीच्या कडेला जिथे रोलर पोचत नाही तिथे धुमस. होय, माणसाने उचलून आपटायची लोखंडी धुमस. यांत्रिक रॅमर होता, पण तो अर्धा वेळ बंद असायचा.

तपासणीचं सामान एका लाकडी पेटीत यायचं. कोअर कटर म्हणजे दहा सेंटिमीटर व्यासाचं, पावणेतेरा उंचीचं पोलादी नळकांडं, आत एक लिटरच्या आसपास माती मावते. ते हातोड्याने थरात ठोकायचं, खणून बाहेर काढायचं, दोन्ही तोंडं सुरीने सपाट करायची आणि वजन करायचं. ओलाव्यासाठी एक छोटी बाटली, तिला घड्याळ बसवलेलं. चिमूटभर माती आणि कॅल्शियम कार्बाइडची पूड आत टाकून झाकण घट्ट करून हलवायची. कार्बाइडची ओलाव्याशी गाठ पडली की गॅस होतो, दाब वाढतो आणि काटा टक्के दाखवतो. झाकण उघडलं की वेल्डिंगच्या दुकानातला तोच उग्र लसणासारखा वास. काटा 20 दाखवत असेल तर खरा ओलावा 25 धरायचा, कारण काटा ओल्या वजनावर मोजतो आणि आपल्याला कोरड्या वजनावर हवा. वीस भागिले ऐंशी. पहिल्यांदा मला हे साहेबाचं चलाखीचं गणित वाटलं. मी मोबाइलवर करून पाहिलं, बरोबर होतं.

मेच्या सुरुवातीचा तो प्रसंग. टँकर दोन दिवस आला नव्हता, विहिरीची मोटर जळली होती. रोलरवाल्याने आहे त्या मातीवर फेऱ्या वाढवून थर दगडासारखा केला. टाच मारली तरी ठसा उठत नव्हता. नळकांड्यातल्या मातीचं वजन 1.75 किलो, ओलावा 18 टक्के. कोरडी घनता काढली तर 1.48. पास! मी हसलो. अभियंता हसला नाही. म्हणाला, "घनता पास आहे शेठ, माती नापास आहे." काढलेल्या नळकांड्याच्या खड्ड्यात त्याने आपल्या बाटलीतलं पाणी ओतलं. आदल्या आठवड्यातल्या ओल्या थरावर एक भोक पाडून त्यातही ओतलं. आम्ही चहा घेतला. परत आलो तेव्हा कोरड्या थरातलं पाणी पार आटलं होतं आणि खड्ड्याची कड फुगून भुसभुशीत झाली होती. दुसऱ्या भोकात पाणी जवळपास तेवढंच होतं. कोरडी दाबलेली काळी माती कडक लागते, पण तिच्या कणांमध्ये पाण्याला वाटा राहतात. भिजली की फुगते, वाळली की तडकते. रोलरच्या जोरावर घनता आणता येते, पाण्याचं काम मात्र रोलर करू शकत नाही. अख्खा थर उखडला, भिजवला, परत दाबला. त्या थराचे पैसे दोनदा मिळत नाहीत हे सांगायला नको.

उलटा अनुभवही आला. मेच्या मध्यावर अवकाळी झाली, एका संध्याकाळी झोडपून. आम्ही भिंतीचा माथा रोज मधे किंचित उंच ठेवून सुटायचो, त्यामुळे पाणी दोन्हीकडे निघून गेलं, तरी वरचा थर लोण्यासारखा झाला. दुसऱ्या दिवशी रोलर चढवला की पुढची माती लाटेसारखी सरकायची. हा थर कितीही फेऱ्या मारल्या तरी दबत नाही, पाणीच दाबलं जात असतं. खरवडून उन्हात पसरला, वाळू दिला, दोन दिवसांनी परत घेतला. मशीन उभी असली तरी ऑपरेटरचा पगार चालू, हे कुणी धरत नाही.

पेटीवाल्याचं नुकसान नेमकं कुठे होतं ते सांगतो, कारण हे टेंडर भरणाऱ्यांना माहीत असतं आणि नव्या गाडीवाल्यांना नसतं. हायवा सोळा घनमीटरची. पण ती सोळा सुटी माती. तीच माती जमिनीत होती तेव्हा साडेबारा होती आणि भिंतीवर दबल्यावर अकराच्या आसपास उरते. ड्रायव्हरला आपण ट्रिपेवर पैसे देतो, खातं आपल्याला दबलेल्या छेदावर देतं. जो सोळाचा हिशेब धरून दर लावतो तो तीन महिन्यांत गाडी विकतो. आणखी एक. भिंतीच्या उताराची कड रोलरने दबत नाही, तो तिथे उलटेल. म्हणून दोन्ही अंगांना फूटभर जास्त भरून नंतर पोकलेनने छाटायचं. आमच्या भिंतीला आतून एकास अडीच, बाहेरून एकास दोन असा उतार. पूर्ण उंचीच्या भागात एक मीटर लांबीला पंधरा-सोळा घनमीटर माती अशी जादा टाकून परत काढली. छाटलेल्याला दर नाही. बांधकामाच्या पद्धतीचा भाग, असं उत्तर मिळतं, आणि ते नियमाला धरून आहे.

केसिंगच्या, म्हणजे गाभ्यावरच्या बाहेरच्या थराच्या, मुरमाचं काम त्यामानाने सरळ. त्याला ओलावा बारा-तेरा टक्के पुरतो, गुळगुळीत ड्रम चालतो, आणि मुरूम चूक माफ करतो. बाहेरच्या अंगाला वाळूची गाळणी आणि पायथ्याला दगडी बांधणी, आतल्या अंगाला पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेले दगड. पिचिंगचे कारागीर वेगळ्या ठेक्यावरचे. दगड हातात घेऊन एकदाच फिरवायचे आणि नेमक्या बाजूने बसवायचे. त्यांच्याकडे बघत मी बराच वेळ काढला, एरवी साइटवर असं बघत बसायला फुरसत मिळत नाही.

मृगाच्या आधी माथा गाठला. सांडव्यावरची पोती काढली, तिथला गाळ उपसला. बाभळीची उरलेली बुडखी जुन्या भागातूनही खणून काढली आणि खड्डे धुमसाने भरून घेतले. हे कामात नव्हतं, पण शेजारच्या मीटरला बाभूळ ठेवून आपली भिंत चांगली म्हणणं मला जमलं नसतं. गाडीवाट भिंतीवरून बंद करून खालून काढून दिली, त्यावर दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत.

जून-जुलै कोरडाच गेला. ऑगस्टच्या शेवटी पाणी आलं आणि सप्टेंबरात सांडव्याला लागलं. अभियंत्याचा फोन आला, "शेठ, पायथ्याला पाणी दिसतंय, या." गाडी काढून गेलो. वाटेत माझ्या डोक्यात तो झरा, तो पाइप आणि उखडलेला थर आळीपाळीने येत होते. दगडी पायथ्यातून करंगळीएवढी धार वाहत होती. तो काचेच्या बाटलीत पाणी भरून उन्हाकडे धरून बघत होता. नितळ. मातीच्या भिंतीतून थोडं पाणी येणारच, गाळणी त्यासाठीच असते. ते गढूळ आलं तर मात्र आतून माती वाहतेय असं समजायचं आणि गावाला उठवायचं. पुढचा आठवडाभर गावातला एक पोरगा रोज बाटलीचा फोटो पाठवत होता. धार वाढली नाही, रंग बदलला नाही. माथ्याच्या लेव्हली घेतल्या, नवा भाग थोडा बसला होता, अंदाजाइतकाच. पाट्या टाकलेल्या त्या आजी भेटल्या नाहीत, लेकीकडे गेल्या होत्या.

बिलाचा मोठा हिस्सा मोठ्या ठेकेदाराकडून दिवाळीनंतर आला. अनामत दोषदायित्वाची, म्हणजे कामात दोष निघाला तर आपणच दुरुस्त करायची, मुदत संपेपर्यंत अडकलेली, म्हणजे मला दर पावसाळ्यात एकदा तिकडे चक्कर मारणं आलंच. पहिल्या चक्करला उतारावर बाभळीची बोटभर रोपं उगवलेली दिसली. उपटून टाकली.

परवा त्याच ठेकेदाराचा फोन होता. शेजारच्या तालुक्यात आणखी एक तलाव, मागचाच दर धरू का विचारत होता. मातीचा तोच धर म्हणालो, टँकर वेगळे आणि मोजून, आणि पाणी कुठल्या विहिरीवरून आणायचं ते काम सुरू व्हायच्या आधी कागदावर. अंदाजपत्रकात पाण्याचा वेगळा आयटम नसतो, असं त्याचं म्हणणं. बोलणी चालू आहेत.